लाल दिव्यापुढे माझं वजन

तीर्थरूप सासूबाईंना,

जावयाचा जमेल तेवढं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.)

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात, पण तुमचं ‘बरं’ मी आता ओळखून आहे. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून तुम्ही डॉक्टरच बदललात, असं कानावर आलं. उत्तम केलंत. वजनासारखा विषय माणसाने डॉक्टरांवर सोडू नये. माझ्यावर मात्र सोडायला हरकत नव्हती, असं मी महिन्याभरापूर्वी छातीठोकपणे सांगितलं असतं. आज सांगवत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुमची लेक शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेली बावीस वर्षं मी दुकानादुकानांतून वजनंमापं तपासत हिंडतो. माझी पावलं वाजली की भले भले व्यापारी तागडी पुसायला घेतात. तर आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे नवा सिग्नल बसवला आहे. तो घड्याळावर चालत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी येऊन थांबली की त्याला आपोआप कळतं आणि तो हिरवा होतो. टेम्पोला होतो, मोटारीला होतो, कचऱ्याच्या गाडीला तर ती थांबायच्या आत होतो. मला होत नाही. मी आपला हेल्मेटचा पट्टा आवळून, पांढऱ्या पट्टीच्या आत, मोटरसायकलवर ताठ बसलेला, आणि तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मागून एखादी मोटार येईल तेव्हाच माझी सुटका, आणि सकाळच्या वेळी आमच्या गल्लीतून मोटार निघते ती एकच, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या रुग्णांना दुखण्याची घाई असेल, बाईंना निघायची नसते. लाल दिवा तोडावा, तर मी पडलो सरकारी माणूस. दुसऱ्याच्या चुका दाखवण्यावर माझं पोट चालतं.

आता बावीस वर्षांचा अनुभव काय सांगणार? रस्त्याखाली काटा आहे. मोटार जड, म्हणून कळते. मी हलका, म्हणून कळत नाही. (लग्नात तुम्हीच ‘मुलगा अंगाने जरा कमी आहे’ म्हणाला होतात. मी विसरलेलो नाही.) तुमच्या लेकीला मात्र हे मान्य नाही. तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांत दिवसभर तांब्याची तार भरायची, त्यामुळे जगात कुठे काही अडलं की तिला तिथे तार दिसते. ती म्हणाली, रस्त्याखाली तारेचं वेटोळं आहे, वजनाचा काडीचाही संबंध नाही. हे ती शेजारच्या पैलवानांसमोर म्हणाली. पैलवान धंद्याने शिंपी आहेत, आखाडा त्यांनी लांबूनही पाहिलेला नाही, पण देहाकडे बघून नाव पडलं. त्यांच्यासमोर माझी मापं काढल्यावर मी चिडलो आणि बोलून गेलो: वजनाचा संबंध नाही असं ठरलं, तर मोटरसायकलची किल्ली कायमची तुझी.

सासूबाई, त्या किल्लीवर माझा जीव आहे. तुमच्या लेकीने नऊ वर्षांपूर्वी परवाना काढला, पण मी तिला गाडी कधी दिली नाही. दर वेळी सांगितलं, गाडी जड आहे, तुला वजन झेपणार नाही. तेव्हा पणाला काय लागलं होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

मी शास्त्रशुद्ध तपासणी सुरू केली. कार्यालयातून वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं आणली आणि गाडीला दोन्हीकडे पिशव्या बांधल्या. पहिल्या दिवशी चाळीस किलो: लाल. दुसऱ्या दिवशी ऐंशी: लाल, आणि वजनं उतरवताना कंबरेत चमक. (नमस्काराचं कारण ते हेच.) तिसऱ्या दिवशी लोखंडाचा नाद सोडला आणि पैलवानांना मागे बसवलं. त्यांच्यापुढे माझी सगळी वजनं पासंगालाही पुरली नसती. गाडी चौकापर्यंत गेली, पण थांबताना अशी काही झोकांडली की रस्त्याच्या मधोमध राहायची ती डाव्या कडेला सरकली. मी पाय टेकून तोल सावरतोय तोच दिवा हिरवा! मी तिथेच आरोळी ठोकली. पैलवानांनी पाठीवर थाप मारली, ती अजून जाणवते. घरी येऊन मी तुमच्या लेकीला पारडं कुणाचं जड ते ऐकवलं. तिने फक्त विचारलं, गाडी कुठे उभी होती? मी म्हटलं, सिग्नलला. ती हसली आणि पंप उघडायला बसली.

दुसऱ्या दिवशी तेच पैलवान, तीच गाडी. या वेळी मी नीट मधोमध थांबलो. लाल. त्याच्या पुढच्या दिवशीही लाल. म्हणजे हा काटा एकाच वजनाला कधी हो म्हणतो, कधी नाही. असा दुकानदार मला भेटता तर मी त्याला पाणी पाजलं असतं. तेव्हा मी तेच केलं. पिशवीतून छापील नोटीस काढली आणि सिग्नलच्या खांबाला चिकटवली: ‘सदर काटा अप्रमाणित असून पुढील तपासणीपर्यंत वापरू नये.’

नोटीस मी खांबाला लावली, पण लोकांनी ती दिव्यांना लावली. हिरवा झाला तरी कुणी हलेना, लाल झाला तरी कुणी थांबेना. डॉक्टरीणबाई मोटारीतून उतरून नोटीस मोठ्याने वाचू लागल्या. भोंग्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. तासाभरात सिग्नलचे इंजिनिअर आले. त्यांनी नोटीस वाचली, माझा शिक्का पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खोट्या तागडीकडे पाहतो.

तेवढ्यात तुमची लेक आली. हात पुढे केला. मी किल्ली दिली. गल्लीत वळून ती एकटीच मोटरसायकलवर आली, पैलवान नाहीत, लोखंड नाही, पन्नास किलोंची तुमची लेक. डाव्या कडेला डांबरात कापून बुजवलेली एक काळी रेघ आहे, मी ती रोज बघत होतो. बरोब्बर त्या रेघेवर दोन्ही चाकं आणून ती थांबली. चहाचा एक घोट होईल इतक्या वेळात दिवा हिरवा झाला. इंजिनिअर म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे. तार या रेघेखाली आहे, तिला वरचा धातू कळतो. मधोमध मोटरसायकल उभी केलीत तर नाही कळत.” पुढचा अर्धा तास ते दोघं वेढ्यांविषयी बोलत राहिले. मी मान खाली घालून नोटीस खरवडत होतो. चारी मुंड्या चीत झालो, तेही पैलवानांच्या साक्षीने.

आता रोज सकाळी ती गाडी चालवते, मला कार्यालयाच्या दाराशी सोडते आणि दुकानात जाते. गाडी तिला झेपते. माझ्यापेक्षा चांगली झेपते, हेही तुम्हाला लिहून टाकतो. तिच्या तोंडावर मी अजून बोललेलो नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा, वजनात कमी भरलेला,
जावई

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. घरात तुमच्या शब्दाला वजन आहे, माझ्या नाही. ते एकदा लेकीवर टाका आणि निदान रविवारची किल्ली मला मिळवून द्या. आजवर तुम्ही तिलाच झुकतं माप दिलंत, एकदा जावयाला द्या.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. वरची विनंती रद्द समजा. तुमची लेक लाल दिव्याला थांबली की गुणगुणते. नऊ वर्षं ती मागे आणि मी पुढे, दिवा लाल दिसला की मी मनात त्याला शिव्या देत बसायचो. ती गाते हे मला माहीतच नव्हतं. फार गोड गाते हो. पण एक कडवंही पुरं होत नाही, लगेच हिरवा होतो. काल मी तिला म्हटलं, जरा मधोमध उभी कर ना गाडी.