सरळ कुठं तेच विसरलेली गाडी

अहो,

काल "तुझी टिकटिक पुरे, राहा तू एकटीच!" म्हणत नांदेडला भाऊजींकडं निघाला होतात, म्हणून गाडीच्या बॅटरीची वायर मीच काढली. माफ करा. आता परत लावलीय, पण स्टिअरिंगखालच्या छोट्या कॉम्प्युटरला सरळ कुठं तेच आठवेना. चाक एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं फिरवा. दोन्ही टोकं कळली की मधलं त्याला उमगतं.

वायर लावून बघताना इंडिकेटरच्या टिकटिकीत माझा डोळा लागला. स्वप्नात गाडी तुरीच्या फुलांवरून तरंगत होती आणि तुम्ही शेजारी चक्क गप्प. उठूच वाटेना.

मी एसटीनं कळमनुरीच्या बाजाराला गेलेय. नांदेडचा रस्ता तिथूनच जातो. बाजाराकडं वळलात तर ऐका: चाक सरळ होताच टिकटिक आपसूक थांबते.

माझीही थांबेल.

शीला