पडवीची सूचना

माणिकपूर,
९ सप्टेंबर २०२४

ती. हरेश्वरकाकांस,
पुतणी लतिकेचा सा. न. वि. वि.

बँक सोडून बेघरांच्या संस्थेत धरलेली माझी ‘रस्त्यावरची नोकरी’ बरी चालली आहे. तुमच्या कपाळावरच्या आठ्यांना काकूने आता इस्त्री करायला हरकत नाही.

एक काम अडलंय. शहरात बेघरांच्या निवाऱ्याचं धोरण ठरतंय. मसुद्यात पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे. पुलाखाली राहणारी विनिता गजरे विकते, नवरा जितेश हमाली करतो. ऐन पावसात आम्ही त्यांना निवाऱ्यात नेलं. नवऱ्याला वेगळं ठेवणार म्हटल्यावर ती दोन्ही मुलींना घेऊन आल्या पावली परतली. धाकटी तापाने फणफणली होती, तरीही. कुटुंब एकत्र राहील असं एक कलम मिळावं म्हणून मी झटतेय. सुनावणीआधी पालिकेने रहिवाशांच्या सूचना मागवल्यात आणि ‘कुटुंबं आली की जागाच बळकावतील’ अशा विरोधाचाच ढीग पडलाय. निर्मळही याच पालिकेत येतं, तेव्हा सोबत सूचनेचा नमुना आहे, फक्त सही करून पाठवा.

राजेळी केळी पिकली असतील तर लोभाबरोबर तीही येऊ द्यात.

तुमची,
लतिका


निर्मळ,
१५ सप्टेंबर २०२४

चि. लतिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नमुना वाचून कोर्टाचं बोलावणं आल्यासारखं वाटलं. तो बाजूला ठेवला आणि स्वतःच पत्र लिहून धाडलं. अनोळखी माणसाला आधी क्षेमकुशल विचारावं, मग काम सांगावं, ही आपल्या घरची रीत. काकूचं म्हणणं, पालिकेला कोणी आशीर्वाद पाठवत नाही. न पाठवायला काय झालं? त्यांनाही घरंदारं आहेतच.

आठ्या तशाच आहेत. बँकेतली खुर्ची सोडून पुलाखाली बसणारी पोर आपल्या घराण्यात दुसरी नाही. पण त्या धाकटीचा ताप उतरला का, ते आधी कळव.

राजेळी अजून हिरवी आहेत. लोभ पिकलेला आहे, तो घे.

तुझा,
हरेश्वरकाका


माणिकपूर,
५ ऑक्टोबर २०२४

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

धाकटी बरी आहे. पण काका, काय हो केलंत हे! भर सुनावणीत अध्यक्षबाईंनी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. ‘अध्यक्षबाईंस आशीर्वाद, मुलांचा अभ्यास कसा चाललाय?’ इथपासून सुरुवात. सभागृह खो खो हसलं. शेजारी बसलेल्या माझ्या सहकारी जेसिकाने फायलीत तोंड लपवलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग पत्रात पडवी आली. जत्रेला दुकानं मांडणारी कुटुंबं आजोबांपासून आपल्या पडवीत उतरतात, साडीचा पडदा बांधतात, वेगळी चूल मांडतात. नवऱ्याला देवळात झोप आणि बायकोला पडवीत, असं कुणी म्हटलं नाही. आणि पडवी आजवर कुणी बळकावली नाही. हसू कधी थांबलं ते कळलंच नाही. अध्यक्षबाईंनी पुलाखालच्या कुटुंबांवरचा माझा बाजूला पडलेला अहवाल पुन्हा उघडायला लावला. कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्यांचं कलम मंजूर झालं, काका! मी तिथेच रडले.

तुमचा फार अभिमान वाटला. असाच हात डोक्यावर असू द्या.

लतिका


निर्मळ,
२० नोव्हेंबर २०२५

चि. लतिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

जत्रा भरली आहे. काल विनिता, जितेश आणि मुली गजरे घेऊन आली. धाकटी चांगलीच गुटगुटीत झालीय. मी पडवीचा कोपरा झाडून ठेवला होता, काकूने पडद्याला जुनी साडीही काढली होती.

दिवे लागताच त्यांनी टोपल्या आवरल्या. मी राहायचा आग्रह केला. विनिता म्हणाली की सकाळी मुलींची शाळा आहे, रात्री घरी पोचायला हवं. पोरी, ती निवाऱ्यातल्या खोलीला घर म्हणाली.

पाहुण्यांनी ‘नको’ म्हटल्याचा मला जन्मात प्रथमच आनंद झाला. माझं पत्र ते काय, एक कागद. पुलाखाली बसून काम तू केलंस. ही माझ्या पुतणीची माणसं, असं मी फुलवाल्यांपासून पाळणेवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. काकू म्हणते, आता पुरे.

राजेळीचा घड विनिताच्या हाती दिलाय. तुझा वाटा तिच्या घरून घे.

तुझा, आठ्या गेलेला,
हरेश्वरकाका