कातळाला बांधलेली गाठ

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अग्निशमन दलाच्या बचाव पथकातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर थरथरले आहे ते वयामुळे. निश्चय थरथरलेला नाही.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलाला. उद्या त्याने घर विकले तरी माझी ना नाही.

२. अंगाला आवळायचा पट्ट्यांचा हार्नेस, तीन पुल्या आणि दोर अडकवायच्या अठरा कड्या सुनेला. पथकात ती आहे. मुलाला स्टुलावर चढले तरी घेरी येते. सूनबाई, आठाची गाठ मारलीस की दोराचे शेपूट वीतभर सोड, आणि गाठ दुसऱ्याला दाखवल्याशिवाय कठड्यापलीकडे पाय टाकू नकोस.

३. माझे जुने दोर कोणालाही नाहीत. त्यांचे हातभर तुकडे करावेत. मुलगा म्हणतो, "आई, आठवण म्हणून एक राहू दे ना." नाही. वरून धडधाकट दिसणारा दोर आतून गेलेला असतो, आणि अडीनडीला कोणीतरी त्यावर जीव टांगतो.

४. पथकातला माझा जोडीदार, ज्याला सगळे मिशीवाला म्हणत, त्यालाही काही नाही. सव्वीस वर्षांपूर्वी खोल विहिरीत एक कामगार अडकला. मिशीवाल्याने एकाच लोखंडी खांबाला दोर बांधला. मी म्हटले, "दुसरा आधार घे." तो म्हणाला, "बाई, तुम्ही फार भिता," आणि उतरला. मी त्याच्या ताणलेल्या दोरावर दुसऱ्या दोरीने प्रुसिक, म्हणजे ओढ बसली की आवळत जाणारी गाठ, मारली आणि त्या दोरीचे टोक मागच्या कातळाला बांधले. कामगाराला घेऊन तो निम्म्यावर आला आणि खांब उपटला. दोघे हातभर खचले नि थांबले.

अहवालात त्याने लिहिले, "दुहेरी आधार मी घेतला होता." तो पथकप्रमुख झाला. मी हरकत घेतली तर दलाचे साहेब म्हणाले, "जीव वाचले ना? मग कशाला उकरून काढता?"

वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून साक्षीला मी त्यालाच बोलावले आहे. हे कलम त्याने मोठ्याने वाचावे, मगच सही करावी. जमत नसेल तर दार उघडे आहे.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च २०२६
मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली, शेजारच्या शिंपीणबाई: (सही) बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार दुसरा, निवृत्त पथकप्रमुख: (सही) कलम चार मोठ्याने वाचले. खरे आहे. विहिरीतून वर आल्याबरोबर मी ती गाठ पाहिली होती.