उद्याची साक्ष

मंगळवार, रात्र

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष संध्याकाळी घरी येऊन गेले.

ह्यांना कॉलेजने तीन वर्षांच्या करारावर फुटबॉलचे कोच म्हणून घेतलं आणि एका वर्षात काढलं. उरलेल्या पगारासाठी हे कोर्टात गेले. संस्था म्हणते, सराव सोडून पोरांना कापूस वेचायला पाठवलं, मग पगार कसला?

पण पाठवा म्हणालं कोण? बीटी कपाशीची बोंडं एकदमच फुटली, मजूर मिळेना, तेव्हा अध्यक्षच! त्यांच्याच शेतातल्या पऱ्हाटीत ती लाल जर्सीतली पोरं वेचताना मी एसटीच्या खिडकीतून पाहिली. उद्या बुलढाण्याच्या कोर्टात हेच सांगायचं आहे.

चहा पिता पिता ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आपल्या कॉलेजातली तुमची नोकरी त बरी चालू हाये ना?" किती गोड आवाज होता!

हे आल्यावर विचारत होते, "काऊन आले होते ते?" मी म्हटलं, सहज. का म्हटलं असं? त्या लाल जर्सी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मघाशी पोळ्या लाटताना हळूच म्हणून पाहिलं, "मी काही पाहिलं नाही."

पहिल्याच दमात जमलं.