मदतनीस नसेल त्या दिवशी

रविवार, ता. १४

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांची वेळ ठरवलीस, माझ्यासाठी खोली झाडून ठेवलीस, वाचूनच निम्मं दुखणं पळालं. इकडे सगळं ठीक. खांदा आपला आहे तिथेच आहे.

पण ऑपरेशनला यायचं जमणार नाही. लगेच फोन करून रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

शाळेत मी जिची मदतनीस आहे, ती माझी राणीसाहेब पाचवीत गेली. म्हणजे मीही गेले. घरीच अक्षरं गिरवून शिकलेली बाई आता रोज वर्गात बसते, आणि अपूर्णांक अजून डोक्यावरून जातात! पोरीच्या पायांत बळ नाही, पण जीभ अशी की विचारू नकोस. परवा गणिताच्या बाई फळ्यावर चुकल्या तर म्हणते, "बाई, मी उठून पुसलं असतं, पण आज जरा कंटाळा आलाय." सगळा वर्ग हसून लोटपोट. तिची चाकाची खुर्ची आज कोण ढकलणार, म्हणून मैत्रिणी भांडतात.

तिला वह्या काढून देणं आणि उचलून शौचालयात नेणं, हे माझं काम. मी आले नाही की तिलाही घरी बसावं लागतं. शाळेचा नियमच तसा, मदतनीस नाही तर मुलगी नाही. हेडबाईंकडे बदली माणसाचा विषय काढला होता. म्हणाल्या, "मावशी, आधीच्या मदतनीस सोडून गेल्या तेव्हा पोरीचं अख्खं वर्ष घरात गेलं. कुणी मिळेचना. तुम्हीच कुणी बघून द्या, उद्या ठेवून घेते." वाईट नाहीत त्या. त्यांचेही हात बांधलेले.

खांद्याचं तुला खरं लिहिलं नव्हतं. हात आता वर जातच नाही. तिला उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कुणाला कळू दिलं नाही. दार लावते, ओठ आवळते आणि वर गाणं गुणगुणते. वाटलं, छान निभावतेय.

मग राणीसाहेबांना ताप आला, लघवीला जळजळ. पोरगी पाणी पीत नाही म्हणून डॉक्टरांनी तिच्या आईला फैलावर घेतलं. ती बिचारी माझ्याकडे आली. "मावशी, बाटली तर रोज रिकामी येते हो घरी!"

पोर बरी होऊन शाळेत आली तशी मी नजर ठेवली. मधल्या सुट्टीत तिने भरलेली बाटली मैत्रिणीकडे दिली, आणि त्या कारटीने ती मुकाट्याने बेसिनमध्ये ओतली.

"हा काय चावटपणा?" मी विचारलं.

"मावशी, तुम्ही दार लावून गाणं म्हणता ना, तेव्हा तुमचा हात थरथरतो. पाणीच नाही प्यायले तर उचलायला नको. तुम्ही गेलात तर मी परत घरी खिडकीत बसणार. मला नाही बसायचं. आणि कुणाला सांगितलंत तर बघा!"

वर मलाच दम.

सांगितलं तर तिची शाळा जाते, गप्प बसले तर ती तहानलेली राहते. परवापासून मी तिला समोर बसवून पाणी पाजते. ती एकेक घोट असा घेते, जणू माझ्याच अंगावर ओझं चढवतेय. इकडे आड, तिकडे विहीर झालंय बघ.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. चिमे, तू येशील का? माझ्या जागी?

तुझ्या सासूबाईंना तू किती वर्षं उचललंस, कुशीवर वळवलंस. त्या गेल्यावर मला म्हणालीस, "ताई, आता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. सुटले गं." मीच तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता. विसरले नाही. म्हणून तर इतका वेळ अपूर्णांकांच्या गप्पा मारल्या.

तुझं नाव मी कुणापाशी काढलेलं नाही, पोरीपाशीही नाही. येत्या शनिवारी हेडबाईंना खांद्याचं सांगणार आहे. तू हो म्हण, नाही म्हण, सांगणारच. पोरीला तहानलेली ठेवून शाळेत बसवणं माझ्याने व्हायचं नाही. तू नाही म्हणालीस तर घरी बसायचं मीच तिला सांगेन, आणि तिचा राग मीच झेलेन. तुला एका शब्दाने विचारणार नाही.

तुला मोकळी बघून सगळ्यांत जास्त सुखावलेली, आणि तरीही हे पत्र पेटीत टाकणारी,

तुझी ताई