शंभर कोटी आणि एक

अंबड, नाशिक
४ जून १९८४

चि. झुंबर हिस बाबांचा जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

तुझी आई आल्यागेल्याला सांगते, पोरगी पुण्यात विश्व शिकते. काल तुझे भिमाजीकाका तुझ्या बँकेच्या नोकरीचा कागद नाचवत आले. पंचवीस तारखेच्या आत होय की नाही कळवायचं. म्हणाले, जग कसं झालं ते कळून हिचं काय भलं होणार, झालं ते झालं! तो गेल्यावर मी तुझं मागचं पत्र पुन्हा काढलं.

तू लिहितेस, आरंभी पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखेच निपजले, आणि दोघं भेटले की दोघंही नाहीसे, मागे नुसता उजेड. मग मी या स्टुलावर दुखरी दाढ धरून बसलोय तो कसा? दिंडोरीच्या बागायतदारांच्या फवारणी पंपांची चाकं मी कानाने तोलतो. बरोबरी बिघडली की चाक गेलं, हे जाणतो. बरोबरीने जग जातं, हे नवीनच! भिमाजीला सांगता येईल असं लिही.

कान टवकारून बसलेले,
तुझे बाबा सावळीराम

पुणे
९ जून

ती. बाबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

बरोबरी पुरती असती तर काहीच उरलं नसतं. शंभर कोटी प्रतिकणांमागे कण होते शंभर कोटी आणि एक. जोड्या संपल्या, तो एक उरला. त्यातूनच तारे, गोदावरी, तुमचं कारखान्यातलं लेथ आणि ती दाढसुद्धा. तो वरचा एक आला कुठून, हे कोणालाच ठाऊक नाही. काही कणांच्या मोडण्यात निसर्ग किंचित एका बाजूला कललेला दिसलाय, पण तेवढा कल पुरत नाही. शिवाय विश्व निवांत असतं तर झालेला फरक लगेच पुसला गेला असता. ते भराभर पसरत, निवत होतं म्हणून टिकला.

माझे सर म्हणतात, यावर संशोधन केलंस तर पाच वर्षं जातील आणि हात रिकामे राहतील. विभागात आपल्यातली मी एकटीच. माझ्या असण्या-नसण्याने काय फरक पडतो? बँक घ्यावी म्हणते. काकांना सांगा.

लोभ आहेच, तो असू द्यावा.
तुमची झुंबर

अंबड
१४ जून

चि. झुंबर हिस जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवलं, शेवटचा भाग गिळून. काल विहारातून येताना भिमाजीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शंभर कोटींत एक म्हणजे काहीच नाही रे. मी म्हटलं, भाऊ, मग ते शंभर कोटी कुठे आहेत, दाखव. घरापर्यंत बोटं मोजत आला.

चाक उभं असताना नुसतं बघून खोट कळत नाही, फिरायला लागलं की बोलतं. तुझं विश्वही पळतानाच बोललं, हे मला पटलं.

मी पहिल्यांदा लेथवर उभा राहिलो तेव्हा फोरमन हसून म्हणाला होता, तुमच्यातला एखादा असला काय, नसला काय. तेच वाक्य आता माझ्या पोरीच्या अक्षरात वाचलं. पुन्हा वाचणार नाही.

बँक आवडत असेल तर खुशाल घे, भिऊन घेऊ नको. सोबत नकाराचं पत्र लिहून धाडलंय. सही तुझी, मर्जी तुझी. सही करायची नसेल तर फाडू नको. मागची बाजू कोरी आहे, गणितं कर.

तुझे बाबा, अजून इथेच

पुणे
१९ जून

ती. बाबांस जयभीम.

मागची बाजू गणितांनी भरली, म्हणून नकार दुसऱ्या कागदावर लिहून आज टपालात टाकला. गणितांचं उत्तर अजून नाही. दाढ दाखवून या.

तुमची, वरची एक,
झुंबर