सतरा आडवे

३ ऑक्टोबर १९८७, शनिवार

पेपरातलं हे शब्दकोडं रचणारा माणूस नक्की एकटा राहत असणार. त्याच्याबरोबर राहील कोण! सतरा आडवे : 'आधी देतात, मग पाळतात.' मी कुत्रा बसवून पाहिला. मांजर बसवलं. पोपटसुद्धा! एकही मावेना. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

शेवटी नेहमीसारखा पुलापलीकडच्या गावी, सुपीरियरला फोन. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, पण शनिवारच्या कोड्यापुरता वेंडेल अजून माझा नवरा आहे – बेसबॉल आणि जुन्या मोटारी, एवढंच त्याचं ज्ञान. हल्ली फोन उचलते बर्नडीन, त्याची दुसरी बायको. "थांबा हं, विचारते त्याला." मग बराच वेळ शांतता. मग उत्तर. एप्रिलपासून बाईने त्याला फोनवर येऊच दिलेलं नाही. कसली एवढी भीती? मी काय तारेतून ओढून नेणार आहे त्याला?

आज परत येऊन म्हणते, "तो म्हणतोय, हे तुमचं तुम्हीच सोडवा."

हिणवलंच की! ठरलं. आता हे कोडं वेंडेलशिवाय.

४ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात कॉफीला लॉइस भेटली. तिचा नवरा म्हणे शनिवारचं कोडं वीस मिनिटांत सोडवतो. तेही पेनने! "तुझं झालं का गं, अर्लिस?" मी म्हटलं, झालं की! देवाच्या घरात बसून खोटं बोलले. लेमन बार मात्र दोन खाल्ले.

६ ऑक्टोबर

काही नाही. डावा कोपरा पांढराफटक.

७ ऑक्टोबर, बुधवार

शब्द! आधी देतात, मग पाळतात – शब्द! दात घासताना सुचलं. ब्रश तोंडात तसाच, पेन्सिल शोधत स्वयंपाकघरात. इतके दिवस सुचला नाही यात नवल काय – वेंडेलने लग्नात मला दिलेला आठवतोय, पाळलेला कधी पाहिलाच नाही.

मग कोपरा भराभर सुटला. एक घर रिकामं नाही! अकराला फोन केला. "त्यालाच बोलवा. मला त्याला ऐकवायचंय."

"झोपलाय तो."

सकाळी अकराला? "मग उद्या करते."

"उद्याही झोपलेला असेल," म्हणाली आणि फोन ठेवला. बघतेच आता!

८ ऑक्टोबर

कोडं पर्समध्ये घालून गाडी काढली. बर्नडीनने दार अर्धवट उघडलं. "अर्लिस, आत नका येऊ." मी आत.

वेंडेल खिडकीपाशी खुर्चीत. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून बोलणं बंद.

टेबलावर बेसबॉलची जाडजूड पुस्तकं – लायब्ररीची, पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या. सहा महिने उत्तरं ही बाई शोधत होती! मी तिकडे फोन धरून तिच्या नावाने बोटं मोडत असायची.

"तुमचं नाव काढलं की मान हलवायचा. कळवू नको, कळवू नको," ती म्हणाली. मग हळूच, "ते सतरा आडवे मला कुठेच नाही हो सापडलं. म्हणून तसं सांगितलं."

कोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी निघाले. पुलावर गाडी चालवताना समोरचं नीट दिसत नव्हतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

बर्नडीनचा फोन. रडत होती, म्हणून आधी घाबरलेच. वेंडेलने सगळी सकाळ घालवून, डाव्या हाताने, माझ्या बावीस उभ्यावर फुली मारली. चूक आहे म्हणे. मी फोनवरच तिला घरं वाचायला लावून पडताळून पाहिलं – मेल्याचं बरोबर आहे! "आणि हसला हो," ती म्हणाली, "एप्रिलनंतर पहिल्यांदा." उद्याचा पेपर घेऊन मी तिकडेच जातेय.